दुभाष्याची खोली

मी बोट बोलतेय. हसू नका. बोट म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर जाळं, डिझेलचा वास आणि बांगड्यांची टोपली येणार, हे मला माहीत आहे. पण मी त्या जातकुळीतली नव्हे. मी पाण्यात कधी उतरले नाही आणि उतरणारही नाही. मी ताऱ्यांपर्यंत जाणारी बोट आहे. माझं नाव सफीर. सफीर म्हणजे दूत, एका घरचा निरोप दुसऱ्या घरी न सांडता पोचवणारा.

कागदावर माझी लांबी तीनशे दहा मीटर आहे. प्रत्यक्षात मी दीड हात भरते. अंग फणसाच्या लाकडाचं, रंग पिवळट. रत्नागिरीत खाडीच्या काठाला नासिर मिस्त्रींचं घर आहे, त्या घरातल्या फ्रीजच्या डोक्यावर मी नांगर टाकून बसलेली असते. फ्रीज सुरू झाला की माझ्या फळ्या थरथरतात. पण खरं सांगू का, फ्रीज बंद असतानाही माझा थरकाप थांबत नाही. मी जन्माचीच घाबरट. ज्या घरात मी घडले त्या घरात तेव्हा काळजीशिवाय दुसरं काही शिजत नव्हतं.

ती काळजी कसली, ते आधी सांगते, म्हणजे माझी घडण अशी का, ते तुम्हाला कळेल.

नासिर मिस्त्रींचा मुलगा उमेर मालवाहू बोटीवर मोटरमन आहे. इंजिनाचं तेलपाणी बघायचं हे त्याचं काम. आखाताकडच्या एका बंदराबाहेर त्याची बोट अडकली. मालकाने हात वर केले, खटला उभा राहिला आणि बोट नांगरावर पडून राहिली. वर सात माणसं. मे महिन्याच्या शेवटी बंदराचा एक साहेब कागद घेऊन बोटीवर आला. कागद अरबीत होता, आणि सातांत अरबी अक्षर ओळखणारा एकटा उमेर. लहानपणी मदरशात नि घरी बापाकडून कुराणाचं पठण शिकलेला, आवाज गोड, कुठे म्हणून अडखळायचा नाही. त्याने तो कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत खणखणीत वाचून दाखवला. साहेब खूश झाला, त्याने मान डोलावली आणि पेन पुढे केलं. उमेरने सही केली.

वाचता आलं, पण कळलं नव्हतं. मदरशातली अरबी वेगळी आणि कचेरीतली वेगळी. साहेबाला वाटलं, इतकं सुरेख वाचतोय म्हणजे समजतंयच. उमेरला वाटलं, सगळ्यांना घरी सोडायचा कागद असणार; बाकीचे सहा जण बॅगा घेऊन शिडीपाशी उभेच होते, उगाच त्यांचा खोळंबा कशाला. सहा जण उतरले आणि आपापल्या घरी गेले. उमेरला मात्र उतरू देईनात. त्या कागदात लिहिलं होतं की सही करणारा इसम हा बोटीचा राखणदार, आणि खटला संपेपर्यंत त्याने बोट सोडायची नाही.

तेव्हापासून त्या मेलेल्या बोटीवर तो एकटा आहे. दर शुक्रवारी एक लाँच येते. पिण्याचं पाणी, तांदूळ, डाळ आणि तासभर जनरेटर चालेल एवढं डिझेल देऊन जाते. त्या तासात तो फोन चार्ज करतो आणि घरी आवाज पाठवतो. रझिया, म्हणजे त्याची बायको, शुक्रवारी सकाळपासून फोन हातातून खाली ठेवत नाही. भाकरी थापतानाही तो पिठाच्या डब्यावर उभा केलेला असतो. उमेर घरी येणार की नाही, आणि येईपर्यंत डोक्याने शाबूत राहणार की नाही, याखेरीज त्या घरात दुसरा विषय नव्हता.

अशात माझा जन्म झाला. उमेरची मुलगी शिफा नववीत आहे. शाळेत विज्ञानाच्या दीपाली मॅडमनी प्रदर्शनाचा विषय दिला, 'उद्याचं वाहन'. बाकीच्या मुलींनी विजेवरची रिक्षा काढली, सौर रिक्षा काढली, उडती रिक्षा काढली. रत्नागिरीच्या चढउतारांवर वाढलेल्या माणसाला रिक्षापलीकडचं वाहन सुचायला जरा वेळ लागतो. शिफाने आलेख-कागदावर मला काढलं.

"ही लढाऊ आहे का?" मॅडमनी विचारलं.

"नाही मॅडम. ही अभ्यासाची आणि बोलणी करायची बोट आहे. नव्या ग्रहावर जायचं, तिथलं समजून घ्यायचं आणि तिथे कुणी असेल तर त्याच्याशी नीट बोलायचं."

"मग एवढीशीच का? हजार मीटर कर की. कागदच आहे."

 शिफाने ते घरी येऊन आजोबांना विचारलं. नासिर मिस्त्रींनी साठ वर्षं खाडीच्या काठावर बोटी बांधल्या आहेत, आणि सगळ्या नकाशाशिवाय. ते म्हणाले, "मोठी बोट दारात आली की माणूस घाबरतो गो. बारकी आली की हसतो. मधली आली तर च्या विचारतो." शिफाने ते जसंच्या तसं वहीत उतरवलं. मी मधल्या आकाराची आहे ती अशी, चहाच्या आशेने.

लाकूड नासिर मिस्त्रींनीच काढलं. शिफाने आलेख-कागद त्यांच्यापुढे पसरला, त्यांनी तो दोनदा पाहिला, उलटा घातला आणि त्यावर खिळे ठेवले. "कागदावर बोट नसते. डोळ्यात असते," म्हणाले. शिफाला रडू यायचं बाकी होतं. पण म्हाताऱ्याने एकेक मजला असा बरोबर उतरवला की तिने पट्टी लावून पाहिली आणि ती परत दप्तरात ठेवली. फक्त नाळ, म्हणजे माझं पुढचं टोक, त्यांनी उंच ठेवलं. "आकाशात लाटा नसतात दादा, नाळ कशाला?" शिफाने विचारलं; आजोबांना घरात सगळे दादाच म्हणतात. ते म्हणाले, "दुसऱ्याच्या दारात जायचा तर मान खाली घालून जायचा काय?" तिथेच वाद मिटला. शेजारचे तांडेल, मासेमारी बोटीचे कप्तान, रोज जाता-येता विचारायचे, "मिस्त्री, ही पाण्यात कधी घालताव?" आणि मिस्त्री सांगायचे, "हिला पाणी लागत नाय." "मग जाळा तरी कुठं हाय?" असं विचारून ते हसत पुढे जायचे. मला लाज वाटायची. बोटीच्या जन्माला येऊन पाण्याचं नाव नाही, हे खाडीच्या काठावर सांगायला जडच जातं.

आता माझ्या पोटात काय काय आहे ते सांगते. एकशे वीस खलाशी आणि शास्त्रज्ञ मावतात, वर चाळीस पाहुणे. मजले चार. सगळ्यात खाली इंजिन आणि टाक्या. त्यावर राहायच्या खोल्या. त्यावर तीन प्रयोगशाळा: एकीत ताऱ्याचा उजेड रंगारंगांत वेगळा करून बघायचा, दुसरीत परक्या जागेची माती नि पाणी तपासायचं, तिसरीत जिवंत काही सापडलं तर त्याचा अभ्यास करायचा, मात्र त्याची परवानगी घेतल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही, असा दारावर नियम लिहिला आहे. पोटाशी चार होड्या आहेत, ग्रहावर उतरायला. तीनशे मीटरची बोट कुणाच्या अंगणात नेऊन उभी करणं बरं दिसत नाही. बंदूक एकही नाही. वाटेतल्या दगडधोंड्यांपासून अंग वाचवायला विजेची एक चादर आहे, तेवढीच.

सगळ्यात वर बैठक. गोल खोली, जमीन सपाट, कुणाची खुर्ची कुणाहून उंच नाही. मधोमध काचेसारखा पडदा आहे आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंना ज्याची त्याची हवा, ज्याची त्याची ऊब. पाहुण्याला आपली हवा सोसत नसेल तर त्याने घुसमटत कशाला बोलावं?

आणि बैठकीला लागून दुभाष्याची खोली. ही माझ्यातली सगळ्यात मोठी खोली, इंजिनाच्या खोलीपेक्षाही मोठी. तिथे यंत्रं आहेत आणि माणसंही आहेत, कारण शिफाच्या मते नुसत्या यंत्राला समोरच्याचा चेहरा वाचता येत नाही. बोलणी चालू असताना कुणालाही एखादा शब्द कळला नाही तर तिथे तांबडा दिवा लागतो. पलीकडे करारावर सही करायचं दालन आहे; दिवा विझल्याशिवाय त्याचं दार उघडत नाही. माझ्यात तो दिवा म्हणजे लग्नाच्या माळेतला एक बारका बल्ब आहे, पण लागतो मात्र चांगला.

माझ्या बाकीच्या पुष्कळशा गोष्टी उमेरने सुचवल्या. शिफा दर शुक्रवारी त्याला विचारायची, "अब्बा, बोटीत अजून काय पायजे?" आणि एरवी "मी बरा हाय, काळजी नको" याखेरीज काही न बोलणारा तो माणूस या एका प्रश्नाला मनापासून उत्तर द्यायचा. "प्रत्येक खोलीला खिडकी ठेव गो बाय, बाहेर काय दिसत नसला तरी ठेव." दुसऱ्या आठवड्यात, "गोड्या पाण्याची टाकी मोठी कर. हाय त्याच्या दुप्पट कर." मग, "नऊ महिन्यांच्या वर सफर नको. माणूस घरचा राहत नाय." म्हणून शेजारच्या ताऱ्यापर्यंत नऊ महिन्यांत पोचेल एवढा माझा वेग आहे, प्रकाशाला याहून जास्त वेळ लागतो असं मॅडम म्हणाल्या, शिफा म्हणाली की प्रकाशाच्या घरी कुणी वाट बघत नसतं. एकदा त्याने आधी नुसता पाण्याचा आवाज पाठवला आणि शेवटी म्हणाला, "एकट्या माणसाला बोटीवर ठेवायचा नाय, असा कायदा लिव." शिफाने तो वहीच्या पहिल्या पानावर लिहिला. 

एकाच गोष्टीला त्याचा विरोध होता. दुभाष्याच्या खोलीला. "एवढी मोठी कशाला? एक खुर्ची टाक, पुरे," असं तो चिडून म्हणाला.

का चिडला, ते घरात सगळ्यांना माहीत होतं. त्या बंदरात खलाशांना मदत करणारा एक वकील रझियाला फोनवर भेटला होता. जानेवारीत सुनावणी होती. वकिलाचं म्हणणं सरळ होतं: उमेरने कोर्टात उभं राहून सांगावं की मला अक्षरं वाचता येतात, अर्थ समजत नाही, आणि त्या कागदाचा अर्थ मला कुणी सांगितला नव्हता. एवढं म्हटलं तर सही रद्द होऊ शकेल. आणि उमेर नेमकं तेवढंच म्हणायला तयार नव्हता.

"नोकरीच्या फारमावर मीच लिवलंय, अरबी येते म्हणून," तो रझियाला म्हणाला. "आता खोटा पडू? आणि घरी येऊन लोकांना तोंड कसा दाखवू?"

सोपं आहे का ते? मोहल्ल्यात कुणाला आखातातून पत्र आलं, व्हिसा आला की लोक उमेरकडे धावायचे. तो वाचून दाखवायचा, लोक माना डोलवायचे, तोही डोलवायचा. झाकली मूठ सवा लाखाची. ती त्याने वीस वर्षं झाकून ठेवली होती. रझिया म्हणायची, "मूठ झाकून तिकडंच बसा म्हणावा." आणि मग पदराने डोळे पुसायची.  एकदा मला पॉलिश करताना नासिर मिस्त्री पुटपुटले, "अडखळू नको, थांबू नको, असा मीच शिकवलंय त्याला." ऐकायला मी एकटीच होते.

डिसेंबरात मी शाळेतून निवडले गेले आणि देवरूखच्या प्रदर्शनाला निघाले. आंब्याच्या पेटीत पेंढा घालून मला निजवलं होतं. एसटीत शिफाने पेटी मांडीवर घेतली होती आणि शेजारी नासिर मिस्त्री प्रत्येक वळणाला पेटीवर हात ठेवत होते. पेंढ्यातून मला फक्त वळणं मोजता येत होती. 

देवरूखला हॉल गच्च भरला होता. परीक्षक तिघं. त्यांतले मधले, जाड चष्म्याचे, माझ्यापुढे वाकले. होड्या पाहिल्या, प्रयोगशाळा पाहिल्या, मान हलवली. मग दुभाष्याच्या खोलीवर पेन्सिल टेकवून म्हणाले, "बाळ, हे काय? इंजिनापेक्षा मोठी खोली? अगं, आत्ताच्या आत्ता फोन भाषांतर करून देतो. तुझी बोट पुढच्या काळातली ना? ही जागा फुकट गेली."

 पाठ केलेलं सगळं भाषण शिफा विसरली हे मला दिसत होतं. मागे दीपाली मॅडम फोनवर तिचं चित्रण करत होत्या, त्यांचाही हात खाली यायला लागला. माझा तांबडा दिवा मात्र लागलेलाच होता, कारण त्याचं बटण बिघडलं होतं.

मग शिफाने माझ्याशेजारी ठेवलेला स्वतःचा फोन उचलला. त्यात सही केलेल्या त्या कागदाचा फोटो होता, उमेरने पाठवलेला. ती वाचायला लागली. अरबीत. आजोबांनी तिलाही शिकवलं आहे, बापासारखाच आवाज, एक अक्षर अडखळलं नाही.  शेजारच्या टेबलावरची मुलं, त्यांचे आईबाप, शिपाई, सगळे वळून बघायला लागले. तिने शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं.

"वा!" परीक्षक म्हणाले. "सुंदर. काय आहे हे?"

"मला माहीत नाही सर," शिफा म्हणाली. "मला यातला एक शब्द समजत नाही. माझ्या अब्बांनापण समजला नव्हता. त्यांनी असंच वाचलं, साहेबाने वा म्हटलं आणि त्यांनी सही केली. म्हणून ते सात महिने बोटीवर एकटे आहेत."

परीक्षकांनी पेन्सिल खिशात ठेवली.

"फोन होता सर त्यांच्याकडे. खिशातच होता. विचारायची लाज वाटली. म्हणून खोली मोठी केलीय."

नासिर मिस्त्री खिडकीकडे तोंड करून उभे होते. मी त्यांची पाठ पाहिली. इतकी वर्षं लाकूड पेलणारी पाठ, पण तेव्हा ती वाकली होती.

बक्षीस मिळालं नाही. पहिला नंबर भात लावणाऱ्या यंत्राला गेला, आणि खरं सांगायचं तर ते यंत्र चालत होतं; मी कुठे चालत होते? परतीच्या वाटेवर पेटी सीटवरून खाली घसरली आणि माझ्या नाळेचा टवका उडाला. पण मला त्याचं काही वाटलं नाही, कारण शिफाने एसटीतच मॅडमकडून ते चित्रण मागून घेतलं आणि बापाला पाठवून दिलं होतं. आता पुढे काय, या धास्तीने माझी प्रत्येक खोली भरली होती.

शुक्रवार आला. फोनवर दोन निळ्या खुणा उमटल्या. त्याने पाहिलं होतं. आवाज आला नाही.

पुढचा शुक्रवारही तसाच गेला. रझियाने शिफाला धारेवर धरलं. "घरातली गोष्ट देवरूखात नेऊन सांगितलीस! माणूस तिकडं एकटा, त्याला काय वाटला असेल?" शिफा जेवेना. "मी त्यांची इज्जत घालवली काय गो अम्मी?" असं तिने एकदाच विचारलं आणि रझियाने तिचं ताट पुढे सरकवलं. तिसऱ्या शुक्रवारी तर निळ्या खुणाही उमटल्या नाहीत. फ्रीजवर बसून मी नको नको ते मनात आणत होते. बोट गंजकी, शिडी निसरडी, खाली खोल पाणी, आणि वर एकट्या माणसाला हाक मारायला कुणी नाही.

चौथ्या शुक्रवारी, सुनावणीनंतर चार दिवसांनी, फोन वाजला. चांगला सहा मिनिटांचा आवाज होता. रझियाने तो मोठ्याने लावला.

"शिफा बाय, ऐक. मना कोर्टात नेलानी. साहेबाने तोच कागद पुढं केलान. म्हणतो, हा तूच वाचलास ना, वाच बघू परत. मी वाचाय लागलो. दोन ओळी वाचल्या आणि तू डोळ्यांसमोर आलीस. थांबलो. म्हटला, मना समजत नाय. हिंदीत बोलाय गेलो, तोंडात आपलीच भाषा आली. मना समजत नाय, माझ्या भाषेचा माणूस आणा. दीड तास शोधत होते. खाली गाड्या लावणारा एक दापोलीकडचा निघाला, त्यानं सगळा समजावून सांगितलान. जजसाहेब म्हणाले, आत्ता जे बोललास ते लिवून घेतलंय, सही कर."

"या अल्ला," रझिया म्हणाली.

"मी म्हटला, आधी त्याला वाचू दे. तीनदा वाचाय लावला. शेवटी तोच म्हणाला, भावा, आता तरी कर, माझी ड्युटी हाय." इथे उमेर हसला. आठ महिन्यांत पहिल्यांदा हसला. "सही रद्द झाली. पण बोट रिकामी सोडाय देत नाय, नवा राखणदार मिळाला की मी उतरणार. बंदरवाले माणूस बघतायत. शिफा, तुला विचारायचा होता, मी तीन आठवडे बोललो नाय, तू रागावलीस काय? मना लाज वाटत होती गो."

त्या दिवशी घरात शेवया झाल्या. शिफाने माझ्या नाळेचा टवका गोंदाने चिकटवला, जरा वाकडाच. नासिर मिस्त्री बाजारात जाऊन उगाचच भलामोठा पापलेट घेऊन आले आणि "फ्रीजमध्ये ठेव, तो येईल तवा करू," म्हणाले. माझ्या खाली तो पापलेट थंड होत होता आणि मी मात्र वर बसून काळजीच करत होते. सवय, दुसरं काय. सगळे हसतात तेव्हा मला जास्त भीती वाटते.

पुढच्या शुक्रवारी आवाज आला. आधी नुसता वारा होता.

"रझिया, शिफा, दादा. नवा माणूस आणलानी आज. माझ्याच वयाचा. कुठल्या तरी लांबच्या देशातला, मना नाव पण बोलता येत नाय त्याचा. माझी बॅग भरलेली होती. साहेबाने कागद पुढं केलान, तो मान हलवत होता, हो, हो. पेन हातात घेतलान. मी खुणेनं विचारला, समजला? तो हसला. ते हसणा मी ओळखतो." वारा पुन्हा. "मी गप राहिलो असतो तर आज विमानात असतो. मी त्याच्या हातातला पेन काढून घेतला. फोनवर त्याच्या भाषेत लावून दाखवला. त्यानं वाचलान, परत वाचलान, माझ्याकडं बघितलान आणि बॅग उचलून लाँचमध्ये जाऊन बसला. साहेब लई ओरडले मना. लाँच गेली. मी हितंच हाय."

 शिफा आईच्या तोंडाकडे बघत होती. नासिर मिस्त्रींनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले होते आणि चेहरा मी कधी पाहिला नव्हता असा ताठ होता. रझिया उठली, मोरीपर्यंत गेली, परत आली. मला वाटलं, आता ही फोन आपटणार. तिने तो तोंडाजवळ धरला.

"जेवलात काय?" तिने विचारलं, आणि तेवढंच पाठवून दिलं.

आता तो वकील म्हणतो की कागद कळल्यावर कुणीच सही करत नाही, हेच कोर्टापुढे ठेवायचं आणि बंदराने स्वतःचा पहारेकरी नेमावा असा अर्ज करायचा. पुढच्या महिन्यात तारीख आहे. होईल, नाही होईल. मी दीड हात लाकूड, मला कायद्यातलं काय कळणार. ताऱ्यांपर्यंत नऊ महिन्यांत जाणारी मी, आणि या घरातला माणूस चार दिवसांच्या पाण्यापलीकडे बसलाय, तिथपर्यंत माझी एक होडीही जात नाही. रोज सकाळी शिफा माझ्यावरची धूळ पुसते, बापाच्या बोटीचा उंबरठा पुसावा तशी, आणि शाळेत जाते.

माझं एवढंच मागणं आहे. रत्नागिरीची पुष्कळ माणसं बोटीवर आहेत, तुमच्यातही कुणी असेल. आखाताकडे जाताना एखाद्या बंदराबाहेर, नांगरावर, दिवे नसलेली गंजकी बोट दिसली तर मेलेली समजून पुढे जाऊ नका. तुमच्या कप्तानाला सांगून एकदा भोंगा वाजवा. आत माणूस आहे.